‘९४ हाकबॉन’ची भानगड

‘रिप्लाय १९९४’ ही कोरियन मालिका पाहताना पेजर, कॅसेटी आणि घरातल्या एकाच फोनवरून होणारी भांडणं आपल्या प्रेक्षकाला समजावून सांगावी लागत नाहीत. हाकबॉन हा एक शब्द मात्र भाषांतरातून निसटतो, आणि या मालिकेची ओढ बरीचशी त्यातच आहे.

हाकबॉन म्हणजे विद्यार्थी क्रमांक. त्याच्या सुरुवातीला प्रवेशाचं वर्ष असतं आणि बोलण्यात तेवढंच उरतं. आपण ‘दहावी ९४ची बॅच’ म्हणतो तेव्हा पास झाल्याचं वर्ष धरतो; कोरियात विद्यापीठात पाऊल टाकल्याचं धरतात. म्हणजे ९४ हाकबॉनवाला साधारण १९७५चा जन्म. साधारण म्हणायचं, कारण प्रवेश हुकल्यामुळे वर्षभर घोकंपट्टी करून पुन्हा परीक्षेला बसलेला ७४चा मुलगाही ९४चाच. जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेली मुलं तेव्हा आदल्या वर्षाच्या मुलांबरोबर शाळेत जात, त्यामुळे ७६च्या फेब्रुवारीतलीही त्यातच. आता या तिघांनी एकमेकांशी बोलायचं कसं? कोरियन भाषेत वर्षभराच्या अंतरानेही क्रियापद बदलतं, हाक बदलते. वर्गात अरे-तुरे चालून गेलं, तरी वर्गाबाहेरच्या मित्रांत तेच नातं उलटंपालटं होतं. पहिल्या भेटीत हाकबॉन विचारतात ते उगाच नाही.

आणि ज्याला हाकबॉनच नाही, त्याने काय सांगायचं? १९९०च्या सुमारास शाळा संपवणाऱ्या तिघांमागे जेमतेम एक जण पुढे शिकायला जात होता. लोकशाहीसाठी लढलेल्या आधीच्या आंदोलक पिढीला ‘३८६’ म्हणू लागले: तेव्हा, म्हणजे १९९०च्या दशकात, वय तिशीत, हाकबॉन ८०च्या दशकातलं, जन्म ६०च्या दशकातला. १९८७च्या उन्हाळ्यात कामगारही लाखोंनी संपावर होते, पण पिढीच्या नावातला मधला आकडा विद्यापीठाने पटकावला. मला हे खटकतं. मालिकेला ते फारसं खटकलेलं दिसत नाही.

९४वाल्यांची आणखी एक खूण आहे. ‘सुनुंग’ ही नवी प्रवेशपरीक्षा पहिल्यांदा दिली ती यांनीच. १९९३मध्ये ती ऑगस्ट आणि नोव्हेंबर अशी दोनदा झाली. दुसरा पेपर अवघड निघाला, आणि पुढच्या वर्षापासून एकदाच घ्यायचं ठरलं.

मालिकेतली मुलं उतरली सोलच्या सिन्छोन भागातल्या हासुकात. खोली आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण एकाच भाड्यात, असा तो प्रकार. पुण्याच्या पेठांत ज्यांनी कॉट बेसिसवर दिवस काढलेत, त्यांना मालिकेतल्या घरमालकिणीची भलीमोठी पातेली पाहून हेवाच वाटेल. पण गंमत पंगतीत आहे. एकीकडे मासानची माणसं, दुसरीकडे सुनछॉन आणि योसूची, म्हणजे ग्यॉंगसांग आणि चॉल्ला. या दोन प्रांतांतली राजकीय तेढ जुनी, आणि १९८०मध्ये चॉल्लातल्या ग्वांगजू शहरात लष्कराने आंदोलन चिरडल्यावर आणखी चिघळलेली. इथे सगळे आपापल्या बोलीतच भांडतात. साम्छॉन्पोहून आलेल्या मुलाला तर गावाच्याच नावाने हाक मारतात, आणि ते शहर मे १९९५मध्ये साछॉनमध्ये विलीन झालं.

त्याआधी ऑक्टोबर १९९४मध्ये सोलमधला सोंगसू पूल कोसळून ३२ जण गेले होते. पुढच्या जूनमध्ये साम्पुंग हे पाच मजली दुकान कोसळलं आणि ५०२ जण गेले. मग १९९७चा नोव्हेंबर आला आणि देश आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात गेला. कोरियात त्या काळाला अजूनही नुसतं ‘आयएमएफ’ म्हणतात.

मालिका २०१३ची. तेव्हा हे लोक अडतीस वर्षांचे होते. त्याच्या आदल्या वर्षी पहिल्या ‘रिप्लाय’ने केबलवर अनपेक्षित यश मिळवलं होतं. २०१५मध्ये १९८८वर तिसरी मालिका आली. तोवर ‘नायिकेचा नवरा कोण होणार’ या कोड्यानेच सगळी चर्चा गिळली होती. २०२२मधली ‘ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन’ थेट १९९८च्या मंदीतच सुरू होते: शाळेचा तलवारबाजीचा संघ पैशांअभावी बंद पडतो.

९४ हाकबॉनच्या मुली चार वर्षं सरळ पार पाडून फेब्रुवारी १९९८मध्ये पदवीधर झाल्या, तेव्हा कंपन्या दिलेल्या नेमणुका परत घेत होत्या. त्यांचेच वर्गमित्र मध्ये दोन वर्षांहून जास्त सक्तीची लष्करी सेवा करून २०००-०१च्या सुमारास बाहेर पडले. तोवर भरती पुन्हा सुरू झाली होती.