सालदार की उक्तं काम? परदेशी विद्यापीठांच्या इथल्या नेमणुकांमागची गोष्ट

माझा भाचा रावेर तालुक्यात केळीच्या बागांमधून पानांचे नमुने गोळा करतो. काम एका परदेशी विद्यापीठाचं. करारात त्याला ‘स्वतंत्र सल्लागार’ म्हटलंय. त्याच करारात पुढे आहे: रोज संध्याकाळी पाच ते नऊ ऑनलाइन हजर राहायचं, रजा विचारून घ्यायची, दुसरीकडे काम करायचं नाही. महिनाअखेरीला पगारपत्रक मिळत नाही, त्यानेच बिल पाठवायचं. घरकर्जाच्या अर्जात ‘नोकरी देणाऱ्याचे नाव’ हा रकाना आला, तेव्हा तो पेन हातात धरून नुसता बसला.

खानदेशात नोकरी आणि ठेका हा भेद कुणाला शिकवावा लागत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्षभरासाठी ठरतो तो सालदार. विहीर खोदायची असेल तर उक्तं देतात, म्हणजे अख्ख्या कामाची रक्कम ठरवून. काम झालं, पैसे दिले, संबंध संपला. सालदारकीत पिळवणूक पुष्कळ झाली, पण मालक कोण याबद्दल शंका नसे. विद्यापीठांनी परमुलखात माणसं नेमण्याच्या इतिहासात नेमकी हीच शंका वाढत गेली आहे.

सुरुवातीला माणूसच समुद्र ओलांडून यायचा. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास विद्यापीठं स्थापन झाली. पुढे सरकारी कॉलेजांच्या वरच्या जागांसाठी इंग्लंडमध्ये भरती होई. १८९६ च्या फेररचनेत या सेवेला इंडियन एज्युकेशनल सर्व्हिस हे नाव मिळालं. इथे भरती झालेल्यांसाठी वेगळी, खालची प्रांतिक सेवा. पगार कामावर नाही, भरती कुठे झाली यावर ठरायचा. जगदीशचंद्र बोस १८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात लागले. भारतीय म्हणून पगार कमी ठरवला, तर त्यांनी तीन वर्षं पगारच घेतला नाही. ही जखम मला अजून ताजी वाटते, कारण भाच्याचा मोबदलाही ‘स्थानिक दराने’ ठरला आहे.

स्वातंत्र्यानंतर पाहुणे प्राध्यापक आले. १९५८ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या आयआयटीत युनेस्कोमार्फत सोव्हिएत तज्ज्ञ शिकवत. २०१५ मध्ये केंद्राने ‘ज्ञान’ योजना आणली, तिच्यातही परदेशी प्राध्यापक एक-दोन आठवड्यांसाठी येतात. अशा फेऱ्यांचं कागदपत्र तुलनेने सोपं असतं: नोकरी मायदेशी, मुक्काम थोडा, आणि बऱ्याच करविषयक करारांमध्ये १८३ दिवसांच्या आतल्या मुक्कामाला सवलत.

मग माणसाऐवजी विद्यापीठच समुद्र ओलांडू लागलं. ऑस्ट्रेलियाच्या मोनॅश विद्यापीठाने १९९८ मध्ये मलेशियात कॅम्पस काढला. भारताने २०२३ च्या यूजीसी नियमांनी ते दार उघडलं. पण कॅम्पस म्हणजे मोठा संसार. एक संशोधन सहायक किंवा विद्यार्थी-भरतीचा एक प्रतिनिधी हवा असेल, तर एवढा पसारा कोण मांडणार? २०२० च्या कोरोनानंतर घरबसल्या काम रूढ झालं आणि अशा एकेकट्या नेमणुका वाढल्या.

पर्याय थोडेच आहेत. भारतात स्वतःची कंपनी काढणं पक्कं, पण खर्चिक. संपर्क कार्यालय काढता येतं, मात्र त्याला इथे कमाई करायला मनाई आहे. इथल्या विद्यापीठाशी भागीदारी करून प्रकल्पाची नेमणूक त्यांच्याकडून करवून घेता येते. जळगावचं आपलं विद्यापीठ १९९० पासून उभं आहे, केळीचा पट्टा त्याच्या अंगणात आहे. अशा कामाला मला हीच वाट सर्वांत सरळ वाटते. अनुदान खासगी संस्थेमार्फत आणायचं तर परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे आधी दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरावीक खात्यातच उतरतात.

चौथी वाट ‘एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड’ची. इथली एखादी कंपनी कागदावर मालक होते, पगार, पीएफ, टीडीएस बघते. काम मात्र विद्यापीठ सांगतं. माणसाला पगारपत्रक मिळतं. विद्यापीठाची जोखीम मात्र सगळी सुटत नाही. त्यांचा माणूस त्यांच्या नावाने नियमित करार करू लागला, तर भारतात त्यांची ‘कायम आस्थापना’, म्हणजे करपात्र ठाणं, आहे असं धरून आयकर लागू शकतो. मायदेशी मिळणारी धर्मादाय करमाफी सीमा ओलांडून आपोआप येत नाही.

उरली पाचवी वाट, सल्लागाराच्या कराराची, भाच्याला दिलेली. स्वस्त म्हणून ती फार वापरली जाते, आणि तीच सर्वांत कच्ची. १९५६ मध्ये ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे मीठ पिकवणारे अगरिया होते. मोबदला मिठाच्या वजनावर, कामाचे तास बांधलेले नाहीत, मदतीला स्वतः माणसं लावायची मुभा. कंपनी म्हणाली, हे ठेकेदार. काम कसं करायचं यावर कंपनीचं नियंत्रण आहे हे पाहून न्यायालयाने त्यांना कामगार ठरवलं. कसोट्या पुढे रुंदावल्या, पण कागदावरचं नाव निर्णायक नाही हे कायम राहिलं. भाच्याचे तर तासही बांधलेले आहेत.

विद्यापीठाचंही यात नुकसान आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक सहसा नोकरी देणारा असतो. स्वतंत्र माणसाने लिहिलेलं, करारात वेगळं नसेल तर, सहसा त्याचंच राहतं. भाच्याच्या करारात याबद्दल एक ओळही नाही.

त्याने आता मुदतबंद नोकरी मागितली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा नेमणुकीलाही वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी आहे, हे त्याने पत्रात कलमासह लिहिलंय. तिकडच्या कार्यालयाने कागदावरच्या मालकासाठी दोन कंपन्यांकडून दर मागवले आहेत. घरकर्जाचा अर्ज तोवर घरीच आहे, तो रकाना सोडून बाकी सगळा भरलेला.