अपारंपरिक इलेक्ट्रिक गिटार

रूढ घाट सोडून बनवलेली, लाकडाऐवजी दुसरे साहित्य वापरलेली किंवा पोटात इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवलेली इलेक्ट्रिक गिटार. असे वाद्य बाजारात आले की गिटारवादकांत हमखास दोन तट पडतात.

रूढ घाट ठरला तो १९५० ते १९५४ या पाच वर्षांत. फेंडर कंपनीची टेलिकास्टर (आधीचे नाव ब्रॉडकास्टर), गिब्सनची लेस पॉल (१९५२) आणि फेंडरचीच स्ट्रॅटोकास्टर (१९५४) या तीन गिटारी आल्या आणि दुकानांच्या भिंतीवर आजही प्रामुख्याने त्यांच्याच लेकी-नाती टांगलेल्या दिसतात. या भरीव बॉडीच्या (धडाच्या) गिटारीही कधी काळी विचित्रच वाटल्या होत्या. १९४० च्या सुमारास लेस पॉल या वादकाने पाइनच्या चौकोनी ओंडक्यावर तारा आणि पिकअप (तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग) बसवून भरीव गिटार तयार केली. तिचे नावच ‘लॉग’, म्हणजे ओंडका. आवाज चांगला होता, पण श्रोत्यांना ओंडका रुचेना. मग त्याने एपिफोन कंपनीची एक पोकळ गिटार उभी कापली आणि तिचे दोन अर्धे ओंडक्याच्या दोन बाजूंना पंखांसारखे जोडले. सुराशी त्या पंखांचा संबंध नव्हता, मात्र वाद्य गिटारसारखे दिसू लागले आणि लोक ऐकू लागले.

आकारावरून उठलेल्या वादाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे गिब्सनची फ्लाइंग व्ही (१९५८). टेड मॅकार्टी कंपनीचे अध्यक्ष असताना ती एक्सप्लोरर या दुसऱ्या कोनदार गिटारीसोबत बाजारात आली. बाणाच्या शेपटासारखी दुभंगलेली बॉडी आणि कोरिना या नावाने विकले जाणारे फिकट पिवळसर आफ्रिकी लाकूड. बसून वाजवायला घेतली की ती मांडीवरून घसरे, म्हणून खालच्या कडेला रबराची खाचदार पट्टी लावावी लागली. पहिल्या वर्षी ८१ आणि पुढच्या वर्षी अवघ्या १७ गिटारी कारखान्याबाहेर पडल्या. अल्बर्ट किंग आणि लॉनी मॅक यांच्यासारख्या मोजक्या वादकांनी मात्र ती सोडली नाही. १९६७ मध्ये गिब्सनने ती पुन्हा काढली, जिमी हेंड्रिक्सच्या हाती ती दिसू लागली आणि १९८० च्या दशकात हेवी मेटल वाजवणाऱ्यांची ती जणू खूणच झाली. मूळच्या त्या ९८ गिटारी आज संग्राहक लाखो डॉलर मोजून घेतात.

नेड स्टाइनबर्गर यांच्या वाद्यांच्या वाट्यालाही अशीच उशिराची दाद आली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी कार्बन फायबर आणि राळ यांच्या मिश्रणातून एक बेस गिटार घडवली आणि नंतर त्याच धर्तीची गिटार आणली. तिला हेडस्टॉक (एरवी खुंट्या जिथे असतात तो डोक्याचा भाग) नाही, आणि बॉडी म्हणजे एक आयताकृती डबी. खुंट्या ब्रिजकडे (बॉडीवर तारा टेकतात त्या भागाकडे) गेल्या, तारांच्या दोन्ही टोकांना गोळी, त्यामुळे तार बदलणे मिनिटाभराचे काम. पाहणाऱ्यांना ती वल्ह्यासारखी वाटली, पण तिच्यामागचा विचार पक्का होता. लाकडी नेक (गिटारची मान) हवेतला दमटपणा पिते आणि वाकते. मुंबई-गोव्यात पावसाळ्यात गिटार वाजवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको; जून-जुलैत तारा फ्रेटपासून (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून) वर उचलल्या जातात आणि नेकमधली ट्रस रॉड, म्हणजे तिचा बाक सुधारणारी सळई, पिळावी लागते. कार्बन फायबरच्या नेकला ही बाधा होत नाही. तरी हेडस्टॉक नसलेली गिटार बराच काळ काही मोजक्या वादकांपुरतीच राहिली. स्वीडनच्या ओला स्ट्रँडबर्ग यांच्या गिटारी गाजू लागल्यावर तो घाट नव्या पिढीत रुळला आणि मोठ्या कंपन्यांनीही तो उचलला.

आकाराला काळ माफ करतो. पोटातल्या विजेच्या यंत्रणेला सहसा करत नाही, आणि त्यामागे वादकांचा निव्वळ हट्ट नाही. लाकूड, तारा आणि पिकअप असलेली गिटार पन्नास वर्षांनीही कोणताही कारागीर दुरुस्त करू शकतो. सर्किट बोर्ड जळला आणि तो बनवणारी कंपनी उरली नाही, तर उरते ती फक्त फळी. व्हॉक्स कंपनीने १९६६ च्या सुमारास ऑर्गनचे आवाज काढणारी गिटार आणली, तिच्यात फ्रेटचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला वायर जोडलेली होती. ती जितकी विलक्षण, तितकीच बेभरवशाची ठरली. केन पार्कर आणि लॅरी फिशमन यांची पार्कर फ्लाय (१९९३) अवघी सव्वादोन किलोच्या आसपास, लेस पॉलच्या जवळपास निम्म्या वजनाची. पातळ लाकडावर कार्बन फायबरचे कवच, स्टेनलेस स्टीलचे फ्रेट आणि चुंबकी पिकअपच्या जोडीला ब्रिजमध्ये पीझो (कंपनाचा दाब टिपणारा पिकअप). हाताला ती फार सुंदर लागते. पण आतल्या सर्किटचा एखादा भाग गेला की सुटा भाग शोधत हिंडावे लागते.

लाइन ६ कंपनीच्या व्हेरिअॅक्स गिटारी २००० नंतर आल्या. त्या प्रत्येक तारेचा आवाज वेगळा उचलून संगणकी प्रक्रियेने त्याला दुसऱ्या गिटारीचे किंवा दुसऱ्याच ट्युनिंगचे (तारांच्या सुरांच्या जुळणीचे) रूप देतात. मंचावर हे सोयीचे. घरी कमी आवाजात वाजवताना मात्र कानाला तारांचा खरा सूर आणि अँपमधला (ध्वनिवर्धकातला) बदललेला सूर एकदम ऐकू येतात, आणि ज्याचा कान तयार आहे त्याला ते सहन होत नाही.

सर्वांत मोठा वाद झाला तो आपोआप सुरात लागणाऱ्या गिटारीवरून. गिब्सनने २००७ च्या अखेरीस ‘रोबोट गिटार’ आणली. तिची यंत्रणा जर्मनीतल्या ट्रोनिकल कंपनीची होती. बटण दाबायचे, सहाही तारा एकदम छेडायच्या, की खुंट्यांतल्या छोट्या मोटारी घुरघुरत फिरू लागतात. एकेक तार सुरात आली की तिचा दिवा हिरवा होतो. ज्याला एकाच कार्यक्रमात चार ट्युनिंग लागतात त्याच्यासाठी हे वरदानच. पण तार नटच्या (नेकच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत अडकत असेल तर मोटार काय करणार? खुंटी फिरते, तार तिथेच राहते आणि मग अचानक सुटते. हाताने पिळणाऱ्याला हा अडथळा बोटांत जाणवतो, यंत्राला तो कळत नाही.

पुढे २०१० मध्ये गिब्सनने फायरबर्ड एक्स जाहीर केली. पोटात इफेक्ट्स (आवाजाचे रूप बदलणारी यंत्रणा), मोटारीच्या खुंट्या आणि किंमत साडेपाच हजार डॉलरच्या वर. तरीही ती ज्याला हवी त्याने घ्यायची होती. २०१५ मध्ये मात्र कंपनीने अमेरिकेत बनणाऱ्या आपल्या बहुतेक गिटारींवर जी-फोर्स ही स्वयंचलित यंत्रणा बसवली, नेक रुंद केली, नट पितळी केले आणि किमती वाढवल्या. साधी लेस पॉल घ्यायला गेलेल्यालाही हे सगळे घ्यावेच लागे. गिटारवादक बिथरले ते इथे. दुसऱ्याच वर्षी गिब्सनला ‘ट्रॅडिशनल’ आणि ‘हाय परफॉर्मन्स’ अशा दोन वेगळ्या मालिका काढाव्या लागल्या.

गिटार सुरात टिकवण्याचा दुसरा उपाय वादकांनी आनंदाने स्वीकारला होता, हे विसरता येत नाही. फ्लॉइड रोझ यांच्या ट्रेमोलोत (दांडीने तारा सैल-ताठ करून सूर हलवणाऱ्या ब्रिजमध्ये) तारा दोन्ही टोकांना आवळल्या जातात. तो १९७० च्या दशकाच्या अखेरीस आला. तो बसवायला गिटारचे लाकूड कोरावे लागते, तार बदलायला षटकोनी किल्ल्या लागतात, एक तार तुटली की बाकीच्याही बेसूर होतात. तरी एडी व्हॅन हेलनसारख्या वादकांनी तो वापरला आणि १९८० च्या दशकात तो सगळीकडे पसरला, कारण त्याने त्यांना पूर्वी करता न येणारे काहीतरी वाजवू दिले. शिवाय तो नको असेल त्याच्यासाठी दुकानात शेजारच्याच हुकावर साधी गिटार टांगलेली असे.

न विकल्या गेलेल्या शेकडो फायरबर्ड एक्स जमिनीवर मांडून त्यांवरून अवजड यंत्र फिरवल्याचे चित्रण २०१९ मध्ये सर्वत्र पसरले. त्या दुरुस्त होण्याजोग्या नव्हत्या, असे कंपनीचे म्हणणे होते. २०१५ च्या लेस पॉल मात्र अजून हातोहात फिरतात. जी-फोर्ससाठी हेडस्टॉकला नवी भोके पाडलेली नसल्याने अनेकांनी ती यंत्रणा काढून साध्या खुंट्या बसवल्या आहेत.