सरस पाण्यात सुटतो: जोडपट्ट्यांच्या वल्ह्यामागचा इतिहास

जुन्या सुतारांचा सरस म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांचा. गरम पाण्यात पातळ करायचा आणि ऊन असतानाच लावायचा. कपाट, देव्हारा, पाट यांना तो पिढ्यान्‌पिढ्या पुरला, पण ओल लागली की सुटतो. नावेचं वल्हं म्हणूनच सलग लाकडाचं असायचं, नाहीतर दांड्याला फळी ठोकून केलेलं. पट्ट्या चिकटवून केलेलं कयाकचं, म्हणजे अरुंद, हलक्या होडीचं, वल्हं इतक्या उशिरा का आलं, त्याचं उत्तर मला या सरसातच सापडलं.

नावेचं वल्हं काठावरच्या आधारावर टेकतं. कयाकच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात आणि आधार कुठलाच नाही. सगळा भार सतत दोन्ही हातांवर असतो. तासाभरात पाती दोन हजारांच्या वर वेळा सहज पाण्यात जातात, म्हणून शे-दोनशे ग्रॅमचा फरकही खांद्याला कळतो.

हे वल्हं आर्क्टिकमधलं. ग्रीनलँडच्या इनुइट लोकांकडे उंच झाडं नव्हती. सैबेरियातल्या नद्यांतून वाहत निघालेले ओंडके बर्फाबरोबर वर्षानुवर्षं प्रवास करून त्यांच्या किनाऱ्याला लागत. मिळेल त्या लाकडातून ते लांब, अरुंद पात्याचं वल्हं तासत आणि पात्याच्या कडेला आणि टोकाला हाडाची पट्टी बसवत, म्हणजे बर्फाने लाकूड झिजू नये. त्यांच्या वल्ह्याचं प्रचलित माप ऐकून मी चकित झालो: दोन्ही हात पसरल्यावर होईल तेवढी लांबी, अधिक कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर. म्हणजे एक वाव आणि एक हात! आपल्याकडे विहिरीचा दोर ज्या मापांनी मोजत, तीच ही मापं. माझी वाव १७० सेंटिमीटर आणि हात ४५, म्हणजे वल्हं २१५ सेंटिमीटरचं. पात्याची रुंदीही मुठीत मावेल एवढीच. कागदावर आखणी करण्याच्या कितीतरी आधी हे माप माणसाच्या अंगातून निघालं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

युरोपात कयाकची आवड पसरवली ती स्कॉटिश वंशाच्या जॉन मॅकग्रेगरने. १८६५ साली तो ‘रॉब रॉय’ नावाची छोटी होडी घेऊन युरोपातल्या नद्यांवर फिरला. त्याचं दुपाती वल्हं सात फुटांचं, म्हणजे २१३ सेंटिमीटर. पुढे पाती रुंद झाली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये कयाकच्या शर्यतींना पदकं मिळू लागली आणि वल्हं हलकं करण्याची चढाओढ वाढली.

रुंद पातं आणि बारीक दांडा एकाच फळीतून काढायचा तर लाकूड किती जातं? मी हिशेब मांडला. २१५ सेंटिमीटर लांब, १७ रुंद आणि साडेतीन जाड फळी घेतली, तर वल्ह्यात जेमतेम सहावा हिस्सा उरतो. बाकी सगळा भुसा. शिवाय एवढ्या लांबीत कुठेतरी गाठ निघते, नाहीतर रेषा तिरकी जाते. पट्ट्या जोडल्या की गाठ कापून टाकता येते, आणि शेजारशेजारच्या पट्ट्यांची वलयं उलटसुलट ठेवली की पातं पिळवटत नाही. ही युक्ती वल्हेवाल्यांच्या आधी इतरांनी वापरली. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाचे पंखे स्प्रूस नावाच्या हलक्या लाकडाचे थर जोडून कोरलेले होते. १९०६ मध्ये जर्मनीच्या ओटो हेट्झरने चिकटवलेल्या वाकड्या तुळयांचं पेटंट घेतलं. त्या काळातला भरवशाचा गोंद होता केसीनचा, म्हणजे दुधातलं प्रथिन आणि चुना. दुधाच्या या कोल्हापूर जिल्ह्यात हे वाचताना मजा वाटते. पण केसीनही फार काळ ओलं राहिलं की त्याला बुरशी धरते.

खरा तोडगा दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास निघाला. रिसॉर्सिनॉलचा गोंद पाण्याला दाद देत नव्हता, मात्र सांध्यात गडद रेघ उठायची आणि फटी चालत नसत. १९४६ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने इपॉक्सीचा, म्हणजे राळ आणि ती कडक करणारं रसायन मिसळून होणारा, अ‍ॅराल्डाइट हा गोंद बाजारात आणला. पुढे आलेली इपॉक्सी साध्या तापमानालाच घट्ट होते, बारीक फट भरून काढते आणि तिला जबर दाब लागत नाही. उलट शिकंजे फार आवळले तर ती सांध्यातून बाहेर येते आणि जोड कोरडा पडतो. घराच्या पडवीत वल्हं करणं शक्य झालं ते इथून.

माझं पहिलं वल्हं साध्या पांढऱ्या गोंदाने जोडलेलं होतं. पंचगंगेत तिसऱ्या खेपेला पात्याची कड उकलली. दुसऱ्या वेळी इपॉक्सी वापरली, पण ऐन आषाढात. दमट हवेत तिच्यावर चिकट साय धरते. ती पाण्याने धुऊन, घासून काढल्याशिवाय वरचा थर बसतच नाही.

परदेशात दांड्याला स्प्रूस, पात्याला सीडर आणि कडेला अ‍ॅश वापरतात. ही लाकडं इथे हुडकत बसायचं कारण नाही. शिवणीचं लाकूड हलकं असतं आणि हवामान बदललं तरी फारसं फुगत-आकसत नाही. तून त्याहून सुंदर दिसतो. सतारीसाठी ते जुनं नावाजलेलं लाकूड. सागवान टिकतं, पण जड आणि तेलकट. चिकटवायच्या आधी अ‍ॅसिटोनने पुसलं नाही तर जोड दगा देतो.

सध्याच्या वल्ह्यात मी दांड्याला शिवणीच्या मध्ये सागाची एकच बारीक पट्टी घातली आहे आणि पात्याला तून. दांडा गोल नाही, अंडाकृती तासलाय, म्हणजे पातं कुठल्या कोनात आहे ते न बघता मुठीला कळतं. पात्याच्या टोकाला, इनुइट हाड बसवत तिथे, इपॉक्सीत भिजवलेलं काचतंतूंचं कापड आहे. घाटाच्या पायरीवर तेच आधी घासतं.