चेंबर पॅकिंग गळणे (जुन्या गाड्यांचं इंजिन)

चेंबर पॅकिंग म्हणजे इंजिनच्या बुडाला ऑइल साठवायला जो पत्र्याचा डबा बोल्टांनी लावलेला असतो तो डबा आणि ब्लॉक यांच्या मधे बसणारी कॉर्कची नाहीतर रबराची पट्टी. पुस्तकात या डब्याला ऑइल पॅन किंवा संप म्हणतात, पण सांगली, मिरज, सातारा कुठल्याही गॅरेजात जाऊन संप म्हणालात तर तुमच्याकडं बघत बसतील, इथं तो चेंबर आणि गॅस्केटला पॅकिंग. पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, जुनी जीप यांच्या खाली फरशीवर जो काळा डाग पडतो त्याचा आळ सगळ्यात आधी याच पॅकिंगवर येतो, आणि बऱ्याचदा तो उगाचच असतो.

कारण साधं आहे, चेंबर सगळ्यात खाली. वर टॅपेट कव्हर गळू दे, फ्युएल पंपाचं पॅकिंग जाऊ दे, ऑइल प्रेशरचा स्विच पाझरू दे, सगळं ओघळत येऊन चेंबरच्या कडेलाच लोंबतं. त्यात गाडी चालू असताना वारा ते तेल मागं ढकलतो, म्हणजे गळतंय पुढं आणि ओलं दिसतंय मागं. अ‍ॅम्बेसेडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनची तर आणखी गंमत, ते मूळ बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) डिझाईन आणि त्यात क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या टोकाला रबरी सीलच नाही, क्रँकवर आटे कापलेत ते फिरताना ऑइल परत आत ओढतात, इंजिन बंद केलं की चार थेंब गिअरबॉक्सच्या बाजूनं येणारच. ते बघून कुणी तीनदा चेंबर पॅकिंग बदललं तरी डाग तिथंच.

म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी इंजिन रॉकेल किंवा डिझेलनं ब्रशनं घासून स्वच्छ धुवायचं, वाळू द्यायचं, मग कडेकडेनं टाल्कम पावडर मारायची (सांगली आहे म्हणून हळद नको, पांढरीच पाहिजे) आणि इंजिन गरम होईस्तोवर चालवायचं. पावडरीवर ओलसर रेघ जिथून सुरू होते तिथं दुखणं, आणि शोध वरून खाली घ्यायचा. ड्रेन बोल्टाचा (ऑइल सोडायचा बोल्ट) वायसरही बघा, पाच मिनिटांचं काम असतं आणि लोक दोन दिवस गाडी खोलून ठेवतात.

पॅकिंग खरोखर का जातं? कॉर्क म्हणजे झाडाची साल, गाडी वर्षभर उभी राहिली की ती वाळून आकसते आणि कडक होते. दुसरं कारण ब्रीदर. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की जळका वायू खाली चेंबरात उतरतो, ब्रीदरची नळी चोंदलेली असेल तर त्याला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि तो ऑइलला पॅकिंगमधून ढकलतो. साताऱ्यात घरासमोर कोरडी असलेली गाडी यवतेश्वरचा घाट चढून कासला पोचेपर्यंत थेंब टाकायला लागली तर आधी ब्रीदर साफ करा. सांगलीत आणखी एक कारण, २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा किती गाड्या पाण्यात उभ्या होत्या, त्यांच्या चेंबरात पाणी शिरलं, ते जड म्हणून तळाशी बसतं आणि पत्रा आतून गंजतो. अशी गाडी स्टार्टर न मारता आधी ऑइल काढूनच बघावी.

पण सगळ्यात मोठं कारण माणूसच. गळतंय दिसलं की आवळ. बोल्ट आवळला की भोकाभोवतीचा पत्रा वर उचलतो, दोन बोल्टांमधली कड सैल पडते, तिथून अजून गळतं, मग परत आवळ, शेवटी कॉर्क चिरडून बाहेर येतं.

चेंबर काढायचा तर ऑइल कोमट असताना सोडायचं, आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही, घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) लावा नाहीतर खड्डा असलेलं गॅरेज गाठा. काही गाड्यांत क्रॉस मेंबर (इंजिनखालचा सांगाड्याचा आडवा दांडा) मधे येतो, तिथं इंजिन माउंटिंग सोडून थोडं उचलावं लागतं, क्रँक फिरवून त्याचे वजनाचे भाग वर घ्यावे लागतात. चेंबर निघाला की तळातला गाळ बोटानं चाचपून बघा, तांबूस चकाकी दिसली तर बेअरिंग बोलतंय, मग पॅकिंगचा विषय बाजूला. ऑइल पंपाची जाळीही धुवून घ्या.

आता खरं काम. जुनं पॅकिंग खरवडून कड उलटी लाकडी ठोकळ्यावर धरायची आणि उचललेली भोकं हातोडीनं हलकी ठोकून खाली बसवायची, मग पोलादी पट्टी लावून उजेड दिसतो का बघायचं. बरेच जण हेच टाळतात, आणि त्याबदली सिलिकॉन (ट्यूबमधलं चिकट सीलंट) थापतात. मीही पहिल्यांदा अख्खी ट्यूब रिकामी केली होती, जादा सिलिकॉन आतल्या बाजूला लोंबतं, तुटलं की पंपाच्या जाळीला चिकटतं आणि ऑइल प्रेशर जातं. कॉर्क असेल तर चेंबरच्या बाजूला पॅकिंग चिकटवायच्या गमाचा पातळ हात आणि ब्लॉकच्या बाजूला ग्रीस एवढं पुरतं, सिलिकॉन फक्त कोपऱ्यात जिथं दोन तुकडे भेटतात तिथं. बाजूच्या पट्ट्या आणि मेन बेअरिंग कॅपवरचे कॉर्कचे तुकडे वेगळे असतात, त्यांची टोकं थोडी वर राहतात ती कापून सपाट करायची नाहीत, दाबली जायलाच ती ठेवलेली असतात. वाळलेलं नवं कॉर्क लहान पडलं तर थोडा वेळ पाण्यात ठेवलं की परत मापात येतं. पट्टी सरकते म्हणून जुने मिस्त्री भोकातून शिवायच्या दोऱ्यानं ती चेंबरला बांधतात, दोरा आत राहिला तरी पॅकिंगखालीच दबतो.

सगळे बोल्ट आधी हातानं लावून मग मधून सुरू करून दोन्हीकडं आलटून पालटून. अ‍ॅम्बेसेडरच्या इंजिनला सुमारे ८ न्यूटन मीटर, म्हणजे छोट्या पान्याला दोन बोटांचा जोर, कॉर्क थोडं फुगल्यासारखं दिसलं की थांबा. सिलिकॉन लावलं असेल तर रात्रभर तसंच ठेवून सकाळी ऑइल भरा. एकदा गरम होऊन थंड झालं की बोल्ट तपासायचे, एकदाच.

काढलेलं काळं ऑइल डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्याला द्यायचं, गटारात ओतलं तर सांगलीत ते कृष्णेतच जातं.