कमांड अपडेट होतेय, तुमची बॅच फाइल आहे तशीच चालेल

(मोंढ्यातल्या आमच्या सगळ्या ग्राहकांसाठी, व्हर्जन 2.9)

लातूर, उदगीर, नांदेडच्या मोंढ्यातले बरेच आडतवाले आपलं पट्टीचं (म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या चिठ्ठीचं) सॉफ्टवेअर वापरायलेत, आणि रात्री विंडोजच्या टास्क शेड्यूलरमधून (ठरल्या वेळी काम चालवणारं टूल) त्याची कमांड आपोआप चालून दिवसभराच्या पट्ट्या फाइलमधे निघतात. ती कमांड चालवणारी बॅच फाइल, म्हणजे कमांडा लिहून ठेवलेली छोटी स्क्रिप्ट, कुणाच्या पोराने नाहीतर भाच्याने कधीतरी लिहून दिलेली, तो आता नोकरीला पुण्यात, इथं फाइल रोज चालतेच आहे. म्हणून 2.9 करताना आधी एकच ठरवलं, आज चालणारी फाइल अपडेटनंतर पण तशीच चालली पाहिजे.

ओलाव्याचा कॉलम

सोयाबीनचा ओलावा पट्टीत पाहिजे असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. प्रश्न होता टाकायचा कुठं. सध्या ओळीत पट्टी नंबर, नाव, माल, कट्टे, वजन, भाव, रक्कम असे सात कॉलम येतात. वजनाच्या आधी ओलावा घुसवला तर पाचवा कॉलम उचलणारी स्क्रिप्ट 24 क्विंटलऐवजी ओलाव्याचे 12 उचलणार, एरर नाही काही नाही, तोलाई निम्म्यावर येणार आणि मुनीम महिनाअखेरीला हिशोब का जुळेना म्हणून जुन्या पट्ट्या उकरत बसणार. बरं, शेवटी टाकावा तर काही स्क्रिप्टा शेवटचा कॉलम म्हणजे रक्कम असं धरून चालतात, त्या मोडतात. म्हणून जुन्या कमांडला सातच कॉलम, त्याच क्रमाने. ज्यांना पाहिजे त्यांनी कमांडपुढं --ओलावा लिहायचं, मग आठवा कॉलम येतो.

मोठ्या टूलमधे पण हीच काळजी घेतात. गिटमधे (प्रोग्रामर कोडमधले बदल सांभाळायला वापरतात ते टूल) माणसाने वाचायचं आउटपुट बदलू शकतं, पण स्क्रिप्टसाठी --पोर्सेलेन वेगळं आहे, ते व्हर्जन बदललं तरी तसंच राहतं.

जुने ऑप्शन

--दिनांक ऐवजी आता --तारीख आहे, पण दोन्ही चालतात. जुनं काढलं जाईल ते 3.0 मधेच, आणि 3.0 वेगळ्या फोल्डरमधे बसेल, आपोआप 2.9 च्या जागी येणार नाही. जुनं वापरलं की इशारा येतो, तो पण हाताने कमांड चालवली तरच स्क्रीनवर, शेड्यूलरमधून चालली तर फक्त लॉगमधे. 2022 मधे ग्रेप (फाइलीत शब्द शोधायची कमांड) 3.8 आलं तेव्हा त्याचं जुनं नाव ईग्रेप लिहिलं की इशारा यायला लागला, काम बरोबर होत होतं, पण ज्यांनी एरर आणि आउटपुट एकाच फाइलमधे वळवलेलं त्यांच्या फाइलीत नको ती ओळ शिरली. पट्टीच्या फाइलीत असं होऊन चालत नाही.

मोंढा बंद असला, पट्टी एकही नसली, तरी कमांड आधीसारखीच रिकामी फाइल आणि एक्झिट कोड (काम नीट झालं की नाही सांगणारा आकडा) शून्य देईल. खरंच बिघाड झाला तरच दुसरा आकडा.

टाकण्याआधी एवढं करा

जुनी एक्झे फाइल इन्स्टॉलर बाजूला ठेवतोच. एकाच तारखेची फाइल जुन्या आणि नव्या दोन्हीतून काढा आणि विंडोजच्या एफसी (दोन फाइली ताडणाऱ्या) कमांडने ताडून बघा, "नो डिफरन्सेस एन्काउंटर्ड" आलं की बिनधास्त टाका. फरक दिसला तर टाकू नका, दोन्ही फाइली आणि बॅच फाइल आम्हाला पाठवा, आम्ही बघून सांगतो, त्याचे पैसे नाहीत.

सोयाबीनची आवक चालू असताना कुठलंच अपडेट देणार नाही, ज्यांना 2.9 पाहिजे त्यांनी दसऱ्याच्या आधी घ्या नाहीतर आवक ओसरल्यावर.