लिलियन तुराम: 142 मॅच आणि फक्त दोन गोल

आता तुराम म्हटलं की नव्या पोरांना इंटर मिलानचा फुटबॉलर मार्कस आठवतो. त्याच्या बापाचं नाव काढलं तर 1998 ची ती एक रात्र तेवढी माहीत असते, म्हणून जरा मागचं सांगतो.

लिलियन 1972 चा, जन्म ग्वादलूपचा, म्हणजे कॅरिबियनमधलं बेट पण फ्रान्सचाच भाग. आईने पाच पोरं एकटीने वाढवली, आधी ती पॅरिसकडे गेली, साफसफाईची कामं केली आणि मग 1981 मध्ये पोरांना बोलावून घेतलं. शाळेत मुलं त्याला टीव्हीवरच्या कार्टूनमधल्या बावळट काळ्या गायीच्या नावाने चिडवायची. तोवर आपण काळे आहोत हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. आईला विचारलं असं का, तर ती म्हणाली लोक असेच असतात, हे काही बदलायचं नाही. हे उत्तर त्याला कधीच पटलं नाही, आणि माझ्या मते त्याचं पुढचं सगळं आयुष्य समजून घ्यायचं तर इथूनच सुरुवात करावी लागते.

मोनॅको क्लबमध्ये कोच आर्सेन वेंगरने त्याला सीनियर टीममध्ये आणलं, 1996 ला तो इटलीच्या पार्मा क्लबला गेला. गोलमध्ये बुफॉन, पुढे कानावारो आणि तुराम, असला डिफेन्स घेऊन पार्माने 1999 चा युएफा कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांची स्पर्धा, जिंकला. नंतर युव्हेंटस, शेवटी बार्सिलोना. त्याला खरं तर सेंटर बॅक, म्हणजे डिफेन्सच्या मधोमध खेळायला आवडायचं, पण फ्रान्सकडे तिथे ब्लाँ आणि देसाई होते म्हणून हा उजव्या बाजूला, राइट बॅकला.

आता ती रात्र. 8 जुलै 1998, वर्ल्ड कपची सेमीफायनल, आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजून गेलेले. सेकंड हाफ सुरू होतो न होतो तोच क्रोएशियाच्या शुकरने गोल मारला, आणि तो ऑफसाइड (डिफेंडरांच्या पलीकडे) धरला गेला नाही कारण तुराम पुढे सरकायला उशीर करून मागेच राहिला होता. चूक याचीच. आणि मग मिनिटभरात हाच गडी क्रोएशियाच्या बॉक्सजवळ बोबानच्या पायातून बॉल काढतो काय, जोर्काएफबरोबर वन-टू खेळून आत घुसतो काय आणि गोल! 70 व्या मिनिटाला दुसरा, तोही डाव्या पायाने. त्यानंतर गुडघ्यावर बसून ओठांवर बोट ठेवून विचारात पडल्यासारखा चेहरा, तो फोटो अजून बघावासा वाटतो. फ्रान्सकडून 142 मॅच खेळला आणि गोल एवढे दोनच.

पुढे युरो 2000 जिंकला, 2004 नंतर टीम सोडली, 2005 मध्ये झिदान आणि माकेलेलेसोबत परत आला आणि 2006 ची फायनल खेळला, ती मात्र इटलीने पेनल्टीवर नेली.

2008 मध्ये पॅरिस सेंट-जर्मेनला जायचं जवळपास ठरलं होतं, पण मेडिकलमध्ये हृदयाचा दोष निघाला, तसाच दोष असलेला त्याचा भाऊ बास्केटबॉल खेळताना गेला होता. तुरामने खेळ थांबवला आणि त्याच वर्षी वर्णद्वेषाविरुद्ध फाउंडेशन काढलं, तेव्हापासून शाळाशाळांत जाऊन पोरांशी बोलतोय, की माणूस जन्मतः वर्णद्वेषी नसतो, तो तसा होतो. मोठ्या मुलाचं मार्कस हे नावही काळ्यांच्या हक्कांसाठी लढलेल्या मार्कस गार्वीवरून ठेवलेलं, आणि धाकटा केफ्रेन 2024 मध्ये बापाच्याच युव्हेंटसला गेला.