मोडलेला पुठ्ठाच सरळ दुमडतो

नरसोबाच्या वाडीला पेढे घेताना दुकानदाराच्या हातांकडे नीट बघा. चळतीतून एक सपाट पुठ्ठा ओढतो, चार कडा उभ्या करतो, कोपरे एकमेकांत अडकवतो आणि बॉक्स वजनकाट्यावर. तोंडानं गिऱ्हाइकाशी बोलणं चालूच. आता घरी तेवढ्याच जाडीचा कोरा पुठ्ठा घेऊन हातानं दुमडून बघा. घडी तिरकी जाते, बाहेरची बाजू तडकते, आणि इतकं करून कोपरा गोलसरच राहतो.

दुकानातला पुठ्ठा नेमक्या रेषेवर आधीच मोडून ठेवलेला असतो. वरून दिसत नाही, कारण मोडतोड आत असते.

हिशेब साधा आहे. मिठाईच्या बॉक्सचा पुठ्ठा साधारण 0.4 मिलिमीटर जाड धरू. तो काटकोनात वळवला आणि आतली बाजू होती तेवढीच राहिली, तर बाहेरच्या बाजूला सुमारे 0.63 मिलिमीटर जास्त अंतर कापावं लागतं. तेही घडीच्या एवढ्याशा जागेत. कागद ताणला तर जेमतेम काही टक्के वाढतो, मग फाटतो. म्हणजे पुठ्ठा एकसंध ठेवून धारदार कोपरा मिळणं अशक्यच.

पण पुठ्ठा म्हणजे एकावर एक बसलेले तंतूंचे थर. हे थर एकमेकांपासून सुटे झाले की प्रत्येक थर पातळ कागदासारखा स्वतंत्र वळतो. क्रीझिंगमध्ये, म्हणजे घडीची रेषा दाबून पाडताना, हेच घडवून आणतात. बोथट कडेची पोलादी पट्टी पुठ्ठ्याला खालच्या अरुंद खोबणीत दाबते. खोबणीच्या दोन्ही काठांवर थर एकमेकांवरून घसरतात आणि आतल्या आत सुटतात. मग घडी घातली की सुटलेले थर आतल्या बाजूला फुगून एक बारीक वळी तयार होते, आणि बाहेरच्या थरावरचा ताण जातो. मिठाईचा बॉक्स उघडून कोपऱ्यावरून आतून नख फिरवा, ही वळी हाताला लागते. म्हणूनच घडी नेहमी वळीच्या बाजूला घालायची. उलटी घातली तर रंग तडकलाच म्हणून समजा.

खोबणी किती रुंद ठेवायची, याचा कारागिरांचा जुना आडाखा आहे: पुठ्ठ्याच्या जाडीच्या दीडपट, अधिक पट्टीची जाडी. आपल्या 0.4 मिलिमीटरच्या पुठ्ठ्याला 0.7 मिलिमीटरची पट्टी लावली तर खोबणी 1.3 मिलिमीटर. खोबणी अरुंद झाली तर पुठ्ठा चिरतो, रुंद झाली तर थर सुटतच नाहीत आणि घडी हवी तिकडे जाते.

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत किंवा शहरातल्या उद्यमनगरात बॉक्स करणाऱ्या एखाद्या छापखान्यात डोकावलात तर कापणं आणि क्रीझ पाडणं एकाच दाबात होताना दिसेल. या कामाला तिथं पंचिंग म्हणतात. त्याचा साचा, म्हणजे डाय, हा 18 मिलिमीटर जाडीचा प्लायवूड. त्यात चिरा पाडून पोलादी पट्ट्या ठोकून बसवलेल्या असतात. कापणाऱ्या पात्याची उंची 23.8 मिलिमीटर, क्रीझच्या पट्टीची त्याहून पुठ्ठ्याच्या जाडीएवढी कमी. सगळं गणित त्या अर्ध्या मिलिमीटरच्या आतल्या फरकावर चालतं. एखाद्या जागी पातं नीट कापत नसेल, तर पूर्ण दाब वाढवणारा नवशिका. जाणता माणूस तेवढ्याच जागी मागून टिश्यूसारख्या पातळ कागदाची चिकटपट्टी लावतो आणि उंची भरून काढतो.

पातं पुठ्ठा सुरीसारखा चिरत जातं असं वाटतं, तसं होत नाही. ते वरून सरळ खाली येतं, पुठ्ठा आधी दबतो, पाचरीसारख्या धारेमुळे दोन्ही बाजूंना ढकलला जातो, आणि तळाचा शेवटचा भाग तर कापला जाण्याऐवजी तटकन तुटतो. पातं बोथट झालं की या तुटण्यातून तंतूंची भुकटी उडते. पुठ्ठ्यावरच्या चकचकीत लेपातली चिनी माती आणि चुनखडी पात्याची धार खातात, ते वेगळंच.

ही एकत्र पद्धत सापडली ती चुकीतून, असं सांगतात. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट गेअर या छापखानेवाल्याकडे 1879 साली बियाण्यांच्या कागदी पिशव्यांचं काम चालू होतं. घडी पाडायची पट्टी जागची हलून वर आली आणि पिशव्या कापल्या गेल्या. माल गेला, पण कापणारी आणि घडी पाडणारी पट्टी वेगवेगळ्या उंचीवर एकत्र बसवता येईल हे गेअरच्या ध्यानात आलं.

तंतूंची दिशा हा या धंद्यातला न दिसणारा मालक आहे. कागद यंत्रावर तयार होताना बहुतेक तंतू यंत्राच्या चालीच्या दिशेनं रांगेत बसतात. तंतू ओला झाला की लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत मात्र चांगलाच फुगतो. दिशा ओळखायची असेल तर जुन्या लग्नपत्रिकेचा चौकोनी तुकडा एका बाजूनं ओला करा. तो नळीसारखा वळेल आणि नळीची लांबी ज्या दिशेनं, तीच तंतूंची दिशा. पत्रिकेची घडी तंतूंना समांतर असेल तर सुबक बसते, आडवी असेल तर घडीवरचा सोनेरी रंग तडकलेला दिसतो. उभ्या बॉक्समध्ये मात्र तंतू मुद्दाम बाजूंना वेढून आडवे ठेवतात. त्या दिशेनं पुठ्ठा ताठ असतो, त्यामुळे बॉक्स पोट काढत नाही.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात हे सगळं अंगावर येतं. जुलैत पुठ्ठा हवेतली ओल पितो, थप्पीच्या कडा नागमोडी होतात, आणि छापलेली चौकट डायशी जुळेनाशी होते. एप्रिलच्या कोरड्या हवेत तोच पुठ्ठा कडक होऊन क्रीझवर फुटतो. त्यात आत गूळ भरलेला असेल तर बघायलाच नको. गूळ स्वतःच ओल खेचतो, त्याला पाणी सुटतं, आणि पुठ्ठ्याचे थर न सांगता सुटायला लागतात.

राहिला गोंद. पूर्वी घरोघरी मैद्याची खळ करायचे. तीन पदरी, पाच पदरी खोक्यांच्या नागमोडी कागदाला आजही स्टार्चच लावतात, फक्त तो बराचसा कच्चा असतो. तापलेल्या रुळांवर साठ-पासष्ट अंशांच्या आसपास त्याचे कण पाणी शोषून फुगतात आणि खळ जागच्या जागी शिजते. लहान बॉक्सच्या चिकटवायच्या पट्टीला पांढरा गोंद लागतो. त्यात प्लॅस्टिकचे सूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत असतात. ते पाणी पुठ्ठ्यानं प्यायलं की थेंब एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा होतो. म्हणजे गोंद वाळतो तो मुख्यतः पुठ्ठ्याच्या तहानेवर. बॉक्सवर प्लॅस्टिकचं लॅमिनेशन असेल तर पाण्याला वाट मिळत नाही आणि पट्टी दुसऱ्या दिवशी सुटते. म्हणून चिकटायची जागा लेप न लावता उघडी ठेवतात.

चांगलं चिकटलंय का, हे तपासायला यंत्र लागत नाही. चपलेचा रिकामा बॉक्स घ्या, चिकटवलेली पट्टी ओढून उचकटा. सुटलेल्या जागी पुठ्ठ्याचे तंतू उपटून आले असतील तर गोंद पास. दोन्ही बाजू गुळगुळीत निघाल्या तर नापास.